जोहार : उत्तर नसलेल्या नमस्काराचा इतिहास

आषाढीच्या सुमारास आमच्या भागात अभंगगायनाचा एक कार्यक्रम होता. अभ्यासिकेतली काही मुले-मुली आणि वस्तीतल्या दोन-तीन वडीलधाऱ्या बाया असे आम्ही सगळे मिळून गेलो होतो. गायकाने चोखोबांचा जोहाराचा अभंग सुरू केला. आवाज गोड होता, पखवाजाची साथ चांगली होती, सभागृह डोलू लागले. दुसऱ्याच कडव्याला आमच्या शेजारची आजी उठली आणि बाहेर पायरीवर जाऊन बसली. कार्यक्रम संपल्यावर एका मुलीने विचारले, "आजी, बरं वाटत नव्हतं का?" आजी म्हणाली, "बरी हाय मी. पर त्यो शबुद मी माज्या आज्याच्या तोंडून ऐकलाय. तवा कुनी टाळ्या वाजवल्या न्हवत्या."

मुलीला 'जोहार' म्हणजे काय तेच माहीत नव्हते. तिला माहीत नसावे याचा आम्हाला आधी आनंद झाला, आणि मग थोडी काळजीही वाटली. आनंद यासाठी की तिच्या तीन पिढ्यांपूर्वी जो शब्द न उच्चारता गावातून चालता येत नव्हते, तो शब्द तिला आज अर्थ विचारून घ्यावा लागतो. हे आपोआप घडलेले नाही, चळवळीने घडवले आहे. काळजी यासाठी की ज्यांना हा इतिहास माहीत नसेल, त्यांना उद्या कोणीही सांगेल की जोहार म्हणजे नुसता भक्तीचा, नम्रतेचा, प्रेमाचा शब्द. म्हणून हा लेख.

आधी गोंधळ दूर करू

मराठी वाचकाला 'जोहार' हा शब्द तीन ठिकाणी भेटतो. इतिहासाच्या पुस्तकात राजपूत स्त्रियांच्या अग्निप्रवेशाला जौहर किंवा जोहार म्हटलेले असते. त्याच पुस्तकात १६६० साली पन्हाळ्याला वेढा घालून बसलेला सिद्दी जोहार भेटतो; त्याच्या नावातला जोहार म्हणजे अरबीतला जवाहीर, रत्न. या दोन्हींशी आपल्याला कर्तव्य नाही. आपला जोहार तिसरा. तो नमस्काराचा शब्द आहे. महाराष्ट्रात तो महारांच्या आणि गावगाड्याने खाली ठेवलेल्या आणखी काही जातींच्या तोंडी होता. पाटलासमोर, कुलकर्ण्यासमोर, वाड्यासमोर, वाटेत भेटलेल्या कोणाही सवर्णासमोर कंबरेत वाकून म्हणायचा तो जोहार. त्याला जोडून 'मायबाप'.

हा शब्द जुन्या साहित्यात कुठे कुठे येतो, कोणाच्या तोंडी येतो, कोणाला उद्देशून येतो आणि त्याला उत्तर काय मिळते, एवढेच आम्ही इथे तपासणार आहोत. यातला शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि नेमका तोच आजवर कोणी विचारत नाही.

चोखोबांचा जोहार आणि कर्ममेळ्याचा प्रश्न

चौदाव्या शतकातले मंगळवेढ्याचे चोखामेळा. पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका आणि मुलगा कर्ममेळा, सगळे घर अभंग रचणारे. एका महाराच्या घरात पाच कवी, ही मराठी वाङ्मयाच्या इतिहासातली मोठी गोष्ट आहे. पण पाठ्यपुस्तकात ती एका ओळीत उरकली जाते.

चोखोबा देवाला जोहार घालतात. त्या अभंगात ते स्वतःला देवाच्या महाराचाही महार म्हणवतात, भुकेने आलो आहे म्हणतात, आणि उष्टे घेण्यासाठी पाटी घेऊन आलो आहे असे सांगतात. भाविक वाचक इथे म्हणतो, पाहा किती ही नम्रता! आम्ही म्हणतो, आधी त्यातले चित्र नीट पाहा. देव कसा दिसतो? वाड्यात राहणाऱ्या मालकासारखा. भक्त कुठे उभा आहे? दाराबाहेर. हातात काय आहे? पाटी. मागतो काय? पंगतीनंतर उरलेले. गावात दररोज जे घडत होते तेच चोखोबांनी देवासमोर मांडले. माणूस देवाशी बोलताना भाषा कुठून आणणार? ज्या भाषेत त्याला रोज बोलायला लावले जाते तिथूनच. चोखोबांना दुसरी भाषा या समाजाने दिलीच नव्हती.

म्हणून या अभंगासाठी आम्ही चोखोबांना दोष देत नाही. हा अभंग म्हणजे साक्ष आहे. सहाशे-सातशे वर्षांपूर्वी महाराला जगण्यासाठी काय करावे लागत होते याची एका महाराने स्वतःच्या तोंडाने दिलेली साक्ष. कोर्टात साक्षीदार रडत रडत साक्ष देतो तेव्हा आपण त्याच्या आवाजाच्या गोडीवर टाळ्या वाजवत नाही.

आणि आता त्याच घरातल्या पुढच्या पिढीकडे पाहा. कर्ममेळा देवाला थेट विचारतो की आम्हाला हीन जातीत का घातलेस, उष्टे खाण्यात आमचा जन्म गेला याची तुला लाज कशी वाटत नाही? बापाच्या अभंगात जे उष्टे प्रसादासारखे मागितले आहे, तेच मुलाच्या अभंगात देवाच्या लाजेचा विषय झाले आहे. एकाच घरात, एकाच अन्नाबद्दल, एका पिढीच्या अंतराने. सोयराबाईसुद्धा देह आहे तिथे विटाळ आहेच, मग सोवळा कोण, असा प्रश्न विचारतात. बापाचा जोहार सगळ्यांना पाठ आहे, मुलाचा प्रश्न कितीजणांना माहीत आहे? गायनाच्या मैफलीत कर्ममेळा का म्हटला जात नाही? निवड कोण करते आणि कशासाठी करते, हे यावरून कळते.

नाथांची भारुडे आणि एका दिवसाचा विठू महार

सोळाव्या शतकात पैठणच्या एकनाथांनी (१५३३-१५९९) जोहाराला एक वाङ्मयप्रकारच बनवले. त्यांच्या भारुडांत 'जोहार' या नावाच्या रचनांचा वेगळा गटच आहे. महाराची भूमिका घेऊन नाथ बोलतात. देह हे गाव, त्या गावचा कारभार बिघडलेला, काम-क्रोधासारखे लोक माजलेले, आणि गावचा महार काठी आपटत सांगतो आहे की बाबांनो, हिशेबाची वेळ जवळ आली, मृत्यूचे बोलावणे येणार आहे. एलिनॉर झेलियट यांनी या भारुडांचा बारकाईने अभ्यास केला आणि नाथांनी महाराची भूमिका किती वेळा घेतली हे अभ्यासकांच्या नजरेस आणले. महार आणि ब्राह्मण यांचा संवाद असलेल्या भारुडात तर महार ब्राह्मणाला ब्रह्मज्ञान ऐकवतो.

याचे श्रेय नाथांना दिले पाहिजे. ज्याला वेद ऐकण्याची बंदी, त्याच्या तोंडी ज्ञान घालणे ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती. पण श्रेय देऊन झाल्यावर पुढचा प्रश्नही विचारला पाहिजे. भारुडातला महार कितीही मोठे ज्ञान सांगो, सुरुवात त्याला जोहारानेच करावी लागते. ज्ञान तोंडात आले, पण काठी हातातून सुटली नाही, आणि कंबर सरळ झाली नाही. शिवाय भारुड संपले की नाथांचा वाडा नाथांचा आणि महारवाडा महारांचा.

हीच गोष्ट दामाजीपंतांच्या कथेत अधिक स्पष्ट दिसते. मंगळवेढ्याला दुष्काळात दामाजीपंतांनी बिदरच्या बादशहाची धान्याची कोठारे लोकांसाठी खुली केली, आणि त्यांना वाचवण्यासाठी पांडुरंग विठू महार होऊन धान्याची रक्कम भरायला बिदरला गेला, अशी ही कथा. महिपतींच्या १७६२ सालच्या 'भक्तविजया'तून ती घरोघर पोहोचली. कीर्तनात ही कथा रंगते तेव्हा प्रत्यक्ष पांडुरंग बादशहाला जोहार करतो आणि श्रोत्यांचे डोळे पाणावतात.

डोळे का पाणावतात? देवावर जोहार करण्याची पाळी आली म्हणून. म्हणजे जोहार करणे ही किती खाली उतरण्याची गोष्ट आहे हे कीर्तनकाराला माहीत आहे आणि श्रोत्यालाही माहीत आहे. देव एक दिवस महार झाला तर रडू येते. माणसे पिढ्यान् पिढ्या महार म्हणून राहिली त्याचे रडू का येत नाही? विठू महार काम झाल्यावर परत विटेवर जाऊन उभा राहिला. मंगळवेढ्याच्या महारवाड्याला परत जायला वीट नव्हती.

हाच शब्द इतरत्र

आता महाराष्ट्राच्या बाहेर जाऊ, कारण इथे एक आश्चर्य आहे.

एकनाथ पैठणला भारुडे रचत होते त्याच काळात, १५७४ साली, तुलसीदासांनी 'रामचरितमानस' लिहायला घेतले. त्याच्या अयोध्याकांडात हाच शब्द 'जोहारु' असा येतो. चित्रकूटला राम आल्याचे कळताच कोल आणि किरात हे वनवासी लोक भेटी पुढे ठेवून त्याला जोहार करतात. पण त्याच कांडात शृंगवेरपूरचे नगरवासीही रामाला जोहार करून आपापल्या घरी जातात. म्हणजे अवधी भाषेत हा शब्द एका जातीला चिकटलेला नव्हता. मोठ्यासमोर, राजासमोर कोणीही म्हणावा असा तो होता. तिथेही वरचा-खालचा भेद आहेच, पण तो राजा आणि प्रजा यांच्यातला आहे.

ओडिशाच्या पश्चिम भागात, संबलपूरकडे, नुआखाई नावाचा नव्या धान्याचा सण असतो. नवे धान्य खाल्ल्यावर धाकटे थोरांना वाकून 'जुहार' करतात आणि थोर आशीर्वाद देतात. 'नुआखाई जुहार' या शुभेच्छा तिथे सगळ्या जातींचे लोक एकमेकांना देतात. राजस्थानात आणि बुंदेलखंडात 'जुहार' प्रतिष्ठित घरांतही चालत आला आहे.

झारखंडमध्ये संताळ, मुंडा, हो, उरांव हे आदिवासी एकमेकांना 'जोहार' म्हणतात. तिथे तो अस्मितेचा शब्द आहे. निवडणुकीच्या सभेत, सरकारी समारंभात, आंदोलनाच्या घोषणेत तो मोठ्या आवाजात म्हटला जातो. आणि फार लांब कशाला जायचे? आपल्याच गडचिरोली-चंद्रपूरकडे गोंड बांधव भेटले की 'सेवा जोहार' म्हणतात. समोरचाही 'सेवा जोहार' म्हणतो. मान ताठ, छातीवर हात, चेहऱ्यावर हसू.

आम्ही एका शिबिरासाठी त्या भागात गेलो होतो. पहिल्या दिवशी एका गोंड कार्यकर्त्याने आम्हाला जोहार घातला तेव्हा आमच्यातल्या एकाला क्षणभर अवघडल्यासारखे झाले. ज्या शब्दातून आपल्या आजोबांची सुटका झाली तो हा माणूस आपल्याला का म्हणतो आहे? मग लक्षात आले की तो आपल्या उत्तराची वाट पाहतो आहे. आम्ही 'जोहार' म्हटले, त्यानेही हसून 'जय भीम' म्हटले.

शब्द तोच. मग महाराष्ट्राच्या गावात तो गुलामीचा आणि गोंडवनात अभिमानाचा कसा?

प्रश्न उत्तराचा आहे

याचे उत्तर शब्दाच्या पोटात सापडत नाही, ते व्यवहारात सापडते. गोंडाच्या जोहाराला जोहार मिळतो. नुआखाईच्या जुहाराला आशीर्वाद मिळतो, आणि आज जुहार करणारा धाकटा उद्या थोर होऊन तो घेणारही असतो. महाराच्या जोहाराला काय मिळत होते? पाटलाने हुंकार दिला तर दिला. बहुतेक वेळा नमस्काराचे उत्तर म्हणून मिळत होते ते काम: हा कागद तालुक्याला पोचव, ते मेलेले जनावर ओढ, लाकडे फोड. वाड्यातून बाहेर उलटून 'जोहार' येत नव्हता.

समाजशास्त्र शिकताना आम्हाला अर्व्हिंग गॉफमन यांचा आदर-व्यवहारावरचा १९५६ सालचा निबंध वाचायला मिळाला. त्यांनी आदराचे दोन प्रकार सांगितले आहेत. एक दोन्ही बाजूंनी सारखा चालणारा आणि दुसरा एकाच बाजूने जाणारा. तेव्हा वर्गात ते परदेशातले सिद्धांत वाटले होते. पण आमच्या आज्या-पणज्यांनी हा भेद पुस्तक न वाचता भोगला होता.

आणि हा भेद चुकून झालेला नाही. तो लिहून ठेवलेला आहे. पाणिनीच्या 'अष्टाध्यायी'त (८.२.८३) नमस्काराला उत्तर देताना वाक्यातला शेवटचा स्वर लांबवावा असा नियम आहे, आणि त्याच सूत्रात अपवाद आहे: समोर शूद्र असेल तर नाही. कल्पना करा, व्याकरणासारख्या विषयातसुद्धा स्वर किती लांबवायचा हे जातीवर ठरत होते! मनुस्मृतीचा दुसरा अध्याय घ्या. ब्राह्मणाला कुशल विचारावे, क्षत्रियाला अनामय, वैश्याला क्षेम आणि शूद्राला आरोग्य, असे भेटीचे शब्दही तिथे वर्णानुसार वाटून दिले आहेत. त्याच्या आधीच्याच श्लोकात म्हटले आहे की नमस्काराला उत्तर कसे द्यावे हे ज्या ब्राह्मणाला कळत नाही त्याला विद्वानाने नमस्कार करू नये, कारण तो शूद्रासारखाच. म्हणजे नमस्काराची देवघेव हा वरच्यांचा आपापसातला व्यवहार, आणि त्याबाहेरचा माणूस कसा, तर शूद्रासारखा. ज्यांना या चार वर्णांतही जागा नव्हती, त्यांच्या नमस्काराला उत्तर मिळेल ही अपेक्षाच कशी करायची?

ग्रंथात जे सूत्र होते ते गावात चाकोरी झाले. महार हा वेसकर, तराळ, निरोप्या, सीमेचा साक्षीदार. १८७४ च्या वतन कायद्याने ब्रिटिश सरकारनेही ही बांधिलकी कायद्यात पक्की केली. बाबासाहेबांनी दाखवून दिले होते की वतनदार महाराला दिवसरात्र चाकरी होती, आणि तो घरी नसेल तर त्याच्या घरच्या माणसाला कामाला लावले जात होते. जोहार हा त्या चाकरीचा तोंडी करारनामा होता. रोज सकाळी म्हणायचा आणि रोज नव्याने बांधून घ्यायचे.

बायकांचे तर विचारूच नका. बेबीताई कांबळे यांनी 'जिणं आमुचं'मध्ये सांगितले आहे की वाटेत सवर्ण माणूस दिसला की महारणींनी बाजूला होऊन, वाकून पाया पडते म्हणायचे. एखाद्या नव्या सुनेकडून ते राहून गेले तर सगळ्या महारवाड्याला शिव्या खाव्या लागत आणि सासरच्या माणसांना माफी मागावी लागे. एक न केलेला नमस्कार गावाला सहन होत नव्हता. मग आम्हाला सांगा, ही नम्रता होती की वसुली?

१९३१ सालची दोन दृश्ये

एक वर्ष आठवून पाहा, १९३१. बालगंधर्वांचे 'कान्होपात्रा' हे नाटक त्या वर्षी रंगभूमीवर आले. चोखोबांचा जोहाराचा अभंग त्यांनी त्यात गायला आणि तो घरोघर पोहोचला. आजही मैफलीत हा अभंग ऐकू येतो तो बहुधा त्याच वळणाने. रेशमी शालू, ऑर्गन, सारंगी, आणि प्रेक्षकांची वाहवा.

त्याच वर्षी नाशिकला काय चालू होते? २ मार्च १९३० ला सुरू झालेला काळाराम मंदिराचा सत्याग्रह. दार बंद, बाहेर सत्याग्रही. आणि पंढरपूरला? जिथे चोखोबांची समाधी महाद्वारासमोर, मंदिराच्या बाहेर आहे, तिथे त्यांच्या जातीच्या माणसाला आत प्रवेश नव्हता. तो मिळायला साने गुरुजींना मे १९४७ मध्ये उपोषण करावे लागले. म्हणजे चोखोबांच्या जोहाराला नाट्यगृहात वन्समोअर मिळाल्यानंतरही सोळा वर्षे चोखोबांच्या माणसांना पंढरीचे दार उघडले नाही. गाणे आत गेले, माणूस बाहेर राहिला.

कलावंताच्या कलेवर आमचा राग नाही. पण शब्द त्याच्या इतिहासापासून सोडवून नुसत्या सुरांवर ठेवला की असे होते. दुःख सुंदर होते, आणि सुंदर झालेल्या दुःखाचा जाब कोणी विचारत नाही.

जय भीम : उत्तरासकट नमस्कार

बाबासाहेबांच्या चळवळीने या शब्दाशी वाद घालत वेळ घालवला नाही. ज्या व्यवहारावर तो उभा होता तो व्यवहारच मोडायला घेतला. १९२७ साली महाडला मेलेल्या जनावराचे मांस सोडा, हलकी मानलेली कामे सोडा, असे सांगितले. डिसेंबरात तिथेच मनुस्मृती जाळली आणि स्त्रियांना जातीची खूण दाखवणारी नेसण्याची पद्धत सोडायला सांगितले. १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतन कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक आणले. १९३७ साली पुन्हा प्रयत्न केला. शेवटी १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने गेली. वतन गेले तसा जोहाराच्या पायाखालचा दगडच निघाला.

आणि जागा रिकामी राहिली नाही. नागपूरजवळच्या कामठीचे बाबू हरदास एल. एन. यांनी १९३० च्या दशकात 'जय भीम' हे अभिवादन रूढ केले. १९३७ च्या निवडणुकीत ते निवडून आले आणि जानेवारी १९३९ मध्ये, ऐन पस्तिशीत गेले. एवढ्या लहान आयुष्यात त्यांनी कोट्यवधी माणसांची जीभ बदलली. आपण 'जय भीम' रोज म्हणतो, पण त्यातली खरी क्रांती आपल्याही लक्षात येत नाही. 'जय भीम'ला उत्तर 'जय भीम'च असते. कलेक्टर झालेला मुलगा सफाई कामगार बापाला तेच म्हणतो आणि बापही तेच म्हणतो. बाई पुरुषाला तेच म्हणते आणि पुरुष बाईला तेच. इथे उत्तरासाठी वेगळा, वरचा किंवा खालचा शब्द नाही.

याचे मूळ आम्हाला बुद्धाच्या संघात दिसते. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात कथा आहे. अनुरुद्ध, आनंद, भद्दिय आदी शाक्य राजपुत्र प्रव्रज्या घ्यायला आले, त्यांच्याबरोबर त्यांचा न्हावी उपाली होता. राजपुत्रांनीच भगवंतांना विनंती केली की उपालीला आधी दीक्षा द्या, म्हणजे आम्हाला त्याला वंदन करावे लागेल आणि आमचा शाक्यपणाचा गर्व उतरेल. संघात वंदन कोणी कोणाला करायचे हे दीक्षा आधी कोणाची झाली यावर ठरत होते, जन्म कुठे झाला यावर नाही. नमस्काराची दिशा बदलली की समाज बदलतो, हे तथागतांना आणि त्या राजपुत्रांनाही अडीच हजार वर्षांपूर्वी कळले होते.

'योद्ध्या'ची व्युत्पत्ती

आपल्यातलेच काही बांधव सांगतात की जोहार हा 'योद्धा'वरून आला, म्हणून तो मुळात लढवय्यांचा शब्द, म्हणून त्याची लाज नको. भावना आम्ही समजू शकतो. महार सैनिकांचा पराक्रम कोणी नाकारू शकत नाही. पण या युक्तिवादात एक खोट आहे. जोहार म्हणणारे आपले पूर्वज योद्धे होते म्हणून त्यांना मान मिळायला हवा होता, असे म्हटले की जे योद्धे नव्हते त्यांचे काय? जी बाई नुसते शेण उचलत होती, जो माणूस आयुष्यभर निरोप पोचवत राहिला, त्याला मान नको होता? माणूस आहे एवढे कारण पुरेसे आहे. क्षत्रियत्वाचा दाखला जोडून प्रतिष्ठा मागणे म्हणजे ज्याने आपल्याला खाली ठेवले त्याच्याच मोजपट्टीने स्वतःला मोजणे. शब्दाचे मूळ सोन्याचे निघाले तरी ज्या हाताने तो आपल्याकडून म्हणवून घेतला तो हात धुतला जात नाही.

मग या शब्दाचे करायचे काय?

पुसून टाका असे आम्ही म्हणत नाही. चोखोबांचा अभंग पुस्तकातून काढला तर साक्ष नष्ट होईल आणि ज्यांना ती नकोच आहे त्यांचे काम आपणच सोपे करू. आमचे म्हणणे तीन गोष्टींचे आहे.

पहिली, जोहाराचा अभंग जिथे शिकवला जाईल, गायला जाईल, तिथे तो काय आहे हे आधी सांगितले जावे. उष्टे म्हणजे काय, पाटी कशासाठी, दार कोणाचे, हे दोन मिनिटांत सांगता येते. दुसरी, चोखोबांच्या शेजारी कर्ममेळा आणि सोयराबाई यायलाच हव्यात. बापाचा जोहार ऐकवायचा आणि मुलाचा प्रश्न झाकायचा ही लबाडी आहे. तिसरी, आपल्या माणसांसाठी: आदिवासी बांधवाने 'जोहार' म्हटले तर अवघडू नका. त्याचा जोहार आपल्या आजोबांचा जोहार नव्हे. त्याला जोहारानेच उत्तर द्या. आपल्या पूर्वजांना जे उत्तर कधी मिळाले नाही ते देण्याची संधी आपल्याला मिळते आहे.

त्या मुलीला आम्ही हे सगळे परतीच्या वाटेवर सांगितले. तिने आजीला विचारले, "मग तुझ्या आज्याला कुणी उलटून काय म्हणायचं?" आजी बराच वेळ काही बोलली नाही. वस्तीच्या तोंडाशी आल्यावर म्हणाली, "म्हनायचे की. 'आला का रं?' म्हनायचे." मग स्वतःच्या दाराशी थांबून तिने आम्हा सगळ्यांना 'जय भीम' घातला, आणि आम्हा सगळ्यांचे उत्तर ऐकल्यावरच ती आत गेली.

जय भीम! नमो बुद्धाय!